भोईर सरांच्या मनगटावरचा पट्टा

नारायण भोईर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्यांची भीती वाटली होती. आज सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत, मी पन्नाशीला टेकले आहे, आणि हा लेख लिहायला बसताना तीच भीती पुन्हा वाटते आहे. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात लेखिकेच्या भीतीने व्हावी की नाही, मला ठाऊक नाही. पण सर्व्हिस करण्याआधी आपले पाय कुठे आहेत ते खाली बघून घ्यावं, असं सरांनीच आम्हाला शिकवलं. माझे पाय लटपटत आहेत, हे आधीच सांगून टाकते.

त्या वेळी मी अकरा वर्षांची होते. आम्ही उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका खोलीत राहायचो. बाबा एका कारखानदाराकडे काज-बटणाच्या मशीनवर बसायचे. माझे मामा अंबरनाथच्या कारखान्याच्या वसाहतीत राहत, म्हणून मे महिन्यात माझी रवानगी तिकडे व्हायची. वसाहतीतल्या क्लबामागे मातीचं एक टेनिस कोर्ट होतं. तिथे एक उंच, सावळे, कमी बोलणारे गृहस्थ रोज संध्याकाळी मुलांना शिकवायचे. मी चार दिवस कुंपणाबाहेर उभी राहिले. पाचव्या दिवशी ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बघून बघून शिकणार असशील तर आत ये. आतून नीट दिसतं."

मी घरी सांगितलं. बाबांनी कौतुकाने कॅम्प दोनच्या बाजारातून रॅकेट आणली. ती बॅडमिंटनची होती. बाबांना फरक माहीत नव्हता आणि मला तो सांगायचा धीर नव्हता. ती घेऊन मी कोर्टावर गेले तेव्हा मुलं हसली. सरांनी ती डाव्या हाताने तोलून पाहिली, अवजारांच्या खोलीत खिळ्याला टांगली आणि स्वतःची जुनी लाकडी रॅकेट, मूठ तासून बारीक केलेली, माझ्या हातात दिली. काही महिन्यांनी बाबा मला खेळताना बघायला आले. सरांनी त्यांना त्या खोलीत नेलं आणि खिळ्यावरची रॅकेट दाखवली. म्हणाले, "हिने सुरुवात तुम्ही आणलेल्या रॅकेटनेच केली. म्हणून जपून ठेवलीय." बाबांची छाती फुगली. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. सर बोलत असताना त्यांच्या चेहऱ्यावर कसली तरी धास्ती दिसली होती. तिचा अर्थ मला पुढे कळला.

सरांना जे कोणी ओळखतात, त्या सगळ्यांना त्यांच्या उजव्या मनगटावरचा काळा रुंद पट्टा माहीत आहे. त्यामागची हकीकत तर अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. क्लबाच्या मार्करचा, म्हणजे कोर्ट राखणाऱ्या आणि साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टोलवून देणाऱ्या नोकराचा मुलगा. बुवापाड्यातलं घर. दोनदा ज्युनियर विजेता. एकोणिसाव्या वर्षी देशातल्या निवडक तरुण खेळाडूंच्या दिल्लीच्या शिबिरासाठी निवड, आणि जायच्या तोंडावर उजवं मनगट कायमचं जायबंदी. मग कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी आणि सकाळ-संध्याकाळ मुलांना शिकवणं, तेही डाव्या हाताने. आम्ही त्यांना समोरून बघत आरशातल्यासारखे उजव्या हाताचे फटके शिकलो. सामना संपल्यावर सगळे हस्तांदोलन करतात. सरांशी मात्र ते डाव्या हाताने करायचं, हा आमचा रिवाज होता. नवीन मुलाने चुकून उजवा हात पुढे केला की जुनी मुलं त्याला मागे ओढत.

सरांची शिस्त मोठी चमत्कारिक होती. रॅकेटला हात लावण्याआधी रोलर फिरवायचा, पाणी मारायचं आणि चुन्याच्या रेषा स्वतः ओढायच्या. ज्याने रेषा ओढली त्यालाच ती खेळताना दिसते, असं त्यांचं म्हणणं. आमच्या पातळीच्या सामन्यांना पंच नसत. अशा वेळी आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, ते आपणच सांगायचं असतं. सरांचा नियम एकच होता: बाहेर पडलेला दिसला तरच बाहेर म्हणायचं. शंका आली तर चेंडू आत.

एकदा कल्याणच्या एका स्पर्धेत मी ऐन मोक्याचा चेंडू बाहेर दिला आणि सामना जिंकले. सर बाकावर बसले होते. परत येताना त्यांनी विचारलं, "दिसला होता का?"

मी म्हटलं, "बाहेर वाटला."

"वाटला म्हणजे आत." एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी मला सायकलवरून कल्याणला घेऊन गेले. मी हरवलेल्या मुलीच्या दारात उभं राहून चेंडू बाहेर पडलेला मला दिसला नव्हता, हे मला सांगावं लागलं. सर जिन्यात खाली थांबले होते. ती मुलगी माझ्याकडे वेडी आहे का अशा नजरेने बघत होती. त्यानंतर मी संशयाचा एकही चेंडू बाहेर दिला नाही, आणि त्यामुळे बरेच सामने हरले.

त्यांच्या मायेबद्दलही लिहायला हवं. ती कुणाला दिसू नये याची ते फार काळजी घेत. सुट्टी संपल्यावरही मी रोज उल्हासनगरहून सरावाला यायची, आणि संध्याकाळचा सराव संपला की सायकलने कॅम्प दोनला परत जायची. सर माझ्यामागे दहा पावलांचं अंतर ठेवून सायकल चालवत यायचे. शेजारी शेजारी नाही, कारण लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही. आणि फार मागेही नाही, कारण वाटेतल्या कुत्र्यांची मला भीती वाटायची. आमची गल्ली आली की ते घंटी वाजवून मागे वळत. पाच वर्षं हे चाललं. आपण मला सोडायला येतो, असं त्यांनी कधी कबूल केलं नाही. "माझं बाजारात काम असतं," असं म्हणायचे.

आता जे लिहायचं टाळत आले ते लिहिते.

मी सोळा वर्षांची असताना राज्याच्या मुलींच्या संघासाठी पुण्याला निवडचाचणी होती. आमच्याकडून मी एकटीच निवडली गेले होते. आदल्या आठवड्यापासून मला अन्न जाईना. पुण्यातल्या मुली इंग्रजीत बोलतील, माझे बूट बघतील, माझी दुसरी सर्व्हिस जाळीत जाईल आणि सगळं अंबरनाथ मला विचारत बसेल, काय झालं म्हणून. निघायच्या दिवशी सकाळी मी उजव्या पायाच्या घोट्याला क्रेप बँडेज गुंडाळलं. सरांना सांगायचं, पाय मुरगळला. सराव सात वाजता असायचा. मी सहालाच कोर्टावर पोचले, कारण इतर मुलांसमोर खोटं बोलायला मला लाज वाटत होती.

नुकतं उजाडलं होतं. कुंपणापाशी येताच मला चेंडूचा आवाज ऐकू आला. असा आवाज त्या कोर्टावर मी कधीच ऐकला नव्हता. सर एकटेच सर्व्हिस करत होते. पट्टा बाकावर पडला होता. ते उजव्या हाताने खेळत होते.

मी किती वेळ बघत राहिले ते सांगता येणार नाही. चेंडू पुन्हा पुन्हा त्याच कोपऱ्यात, रेषेच्या आतल्या अंगाला जाऊन पडत होता. डाव्या हाताने खेळताना सर चांगले शिक्षक वाटायचे. त्या सकाळी मला कळलं की आपण एका खूप मोठ्या खेळाडूसमोर उभ्या आहोत. मला आनंद झाला नाही. मी घाबरले. दुसऱ्याच्या घरात नको ते पाहिल्यावर जसं घाबरायला होतं, तसं.

सरांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा भीतीने उतरला. आधी बाकाकडे, मग माझ्या घोट्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "मुरगळला?"

मी मान हलवली.

"खरंच?"

मी रडायला लागले. सर माझ्यापुढे मातीत गुडघे टेकून बसले आणि माझ्या पायाचं बँडेज सोडायला लागले.  "ही पट्टी आत्ताच सोडायची," ते म्हणाले. "उद्यापर्यंत ठेवलीस ना, तर मग सुटणार नाही. माझी नाही सुटली."

मग त्यांनी सांगितलं. शिबिरासाठी ते कल्याणहून दिल्लीच्या गाडीत बसले होते. डब्यात मुंबईच्या मोठ्या क्लबांची दोन मुलं होती. त्यांनी विचारलं, तू कुठल्या क्लबचा? यांनी सांगितलं. वडील मेंबर आहेत का? यांच्या तोंडून हो निघून गेलं. त्यावर एक जण म्हणाला, माझे काका तिथे अधिकारी होते, दिल्लीला स्टेशनवर घ्यायला येणार आहेत, ओळखतील तुझ्या वडिलांना. सर इगतपुरीला उतरले. दोन रॅकेट घेऊन फलाटावर बसले आणि गाडी जाताना बघत राहिले.

सर घरी परत आले. मुलासाठी वडिलांनी मोठ्या साहेबांपुढे हात जोडले होते. साहेबांनी शिफारसपत्र दिलं होतं, बूट दिले होते. आता साहेबांना काय सांगायचं, या भीतीने त्या माणसाने कोर्टाच्या रेषांसाठी आणलेल्या चुन्यात हळद कालवली, मुलाच्या मनगटावर लेप दिला आणि वर फडकं बांधलं. चार दिवसांत सोडू म्हणाले. पण साहेबांना दया आली. त्यांनी डॉक्टर पाठवले. डॉक्टर म्हणाले, मला काही दिसत नाही, पण पोरगा दुखतं म्हणतो तर दुखत असेल. मग साहेबांनी हात गेलेल्या पोराला स्टोअरमध्ये चिकटवून घेतलं. नोकरी मनगटावर मिळाली होती. मनगट बरं झालं असतं तर साहेबांना तोंड कसं दाखवायचं?

"मला पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं असतं, नंदा," सर म्हणाले. "घाबरलो तो एका दुपारपुरता. पण मग बरं व्हायचीच सोय राहिली नाही. तू जा. हरून ये, पण जाऊन ये. इगतपुरीला उतरू नको."

मी गेले. दुसऱ्या फेरीत हरले. परत आले त्या दिवशी सरांनी रोलर मला ओढू दिला नाही, स्वतः ओढला. पुढच्या वर्षी मी संघात आले. तीन वर्षं खेळले, खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली आणि आता बदलापूरच्या एका शाळेत मुलींना खेळ शिकवते. माझ्यात जेवढं होतं तेवढं मी खेळले का? बहुतेक हो. ते फार नव्हतं, पण त्यातलं फारसं शिल्लक राहिलं नाही. त्या सकाळी ते बँडेज सुटलं नसतं तर मला हे म्हणता आलं नसतं.

सरांच्या बोलण्यात पुढे अनेकदा विस्मरणात गेलेले खेळाडू यायचे. कुणाचा बॅकहँड अप्रतिम होता आणि तो विमा कार्यालयात गेला. कुणी एका मोठ्या खेळाडूला हरवलं होतं आणि आता त्याच्या नातवंडांनाही ते माहीत नाही. लोक म्हणायचे, बिचाऱ्यांचं चीज झालं नाही. सर म्हणायचे, "ते खेळून हरले. त्यांची कीव करू नका." हे बोलताना सर पट्ट्याशी चाळा करत, आणि मी दुसरीकडे बघत असे. चौतीस वर्षं मी हे पोटात ठेवलं. नवऱ्यालाही सांगितलं नाही. कुणी सरांच्या मनगटाचा विषय काढला की मी विषय बदलायची.

आणि मग यंदा हा गौरवग्रंथ काढायचं ठरलं. समितीचं काम हरेश बघतो. तो आमच्याच कोर्टावर शिकलेला. कॅम्प दोनमध्ये त्याचं कापडाचं दुकान आहे आणि सरांवर त्याचा भारी जीव आहे. निमंत्रणपत्रिकेचा मजकूर त्याने मला मोबाइलवर पाठवला. त्यात लिहिलं होतं, 'मनगटाच्या दुखापतीने हिरावलेला एक तेजस्वी खेळाडू'. पाठोपाठ त्याचा फोन आला.

"नंदादीदी, तू त्या इंजुरीवरच लिही. सरांचं पूरं करिअर त्यात गेलं ना. लोकांना आतून लागलं पाहिजे. तू सबसे पुरानी आहेस, तुझंच आर्टिकल पहिलं टाकणार."

"सर काय म्हणाले?" मी विचारलं.

"सर काय बोलणार? बोले, जे दिसलं तेवढंच लिहा. टेनिसची सवय आहे ना त्यांना." तो हसला.

मला हसू आलं नाही. दोन आठवडे मी कागदाला हात लावला नाही. दुखापत लिहिली असती तर मी आत पडलेला चेंडू बाहेर दिला असता, तोही सरांच्याच समोर. खरं लिहिलं असतं तर ज्या माणसाने मला उभं केलं त्याला त्याच्याच पंच्याहत्तरीला, त्याच्याच विद्यार्थ्यांसमोर मी खाली पाडलं असतं. तिसरा मार्ग होता, लेख न देण्याचा. म्हणजे पुन्हा घोट्याला बँडेज.

शेवटी मी बेलवलीला सरांच्या घरी गेले. सर गॅलरीत खुर्चीवर बसले होते, मनगटावर पट्टा होता. काकू आत भाजी निवडत होत्या. मी चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलत राहिले. मग म्हटलं, "सर, लेखात काय लिहू?"

 सर म्हणाले, "त्या सकाळी तुला काय दिसलं होतं?"

"तुमचा उजवा हात दिसला होता."

"वाटला नाही ना? दिसला?"

"दिसला, सर."

"मग सांग ना. आतापर्यंत का थांबलीस?"

 मी म्हटलं, सर, मला भीती वाटते. ते म्हणाले, "मला काय कमी वाटते? हरेश काय म्हणेल, ही सगळी पोरं काय म्हणतील, याने रात्री डोळा लागत नाही. कल्याणच्या त्या पोरीच्या दारात मी तुला उभी केली आणि स्वतः जिन्यात लपलो. ते मला रोज आठवतं. पण असंच मेलो तर लोक हळहळतील, ती हळहळ माझी नाही. ती मनगटाची आहे."

काकू भाजीची परात घेऊन दारात आल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मना तर लग्नाच्या पयल्या मयन्यातच समजला. भरलेला हंडा या हातानी उचलला त्यांनी. मी काय बोलली नाय. दर वर्साला नवा पट्टा शिवून दिला."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी भीती मी त्याआधी एकदाच पाहिली होती, कोर्टावर, त्या सकाळी. मग त्यांनी उजवा हात माझ्यापुढे केला. "तू सोड," म्हणाले. "माझ्याच्यानं होत नाही."

मी खुर्चीपाशी गुडघ्यावर बसले आणि पट्टा सोडला. खालची कातडी फिकी, लहान मुलाच्या कातडीसारखी मऊ होती. सरांनी मनगट दोन-तीनदा फिरवून पाहिलं. "गार लागतंय," म्हणाले. त्यांना भर दुपारी कापरं भरलं होतं. काकूंनी आतून टॉवेल आणून हातावर टाकला.

इथपर्यंतचा लेख मी छापायला देण्याआधी सरांना वाचून दाखवला. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली: वडिलांचा दोष वाटेल असं काही ठेवू नको, ते माझ्याहून जास्त घाबरले होते. मग मी हरेशकडे दिला. दोन दिवस त्याचा फोन आला नाही. ते दोन दिवस सरांनी आणि मी कसे काढले ते आम्हालाच माहीत. तिसऱ्या दिवशी त्याने पत्रिकेचा नवा मजकूर पाठवला. दुखापतीची ओळ काढली होती. त्या जागी दुसरं काही घातलं नव्हतं.

भोईर सरांना आणि काकूंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, अशी आम्हा सर्व विद्यार्थ्यांची मनापासून इच्छा आहे. समारंभाच्या दिवशी व्यासपीठावर बसायची सरांना धास्ती आहे. मी शेजारी बसेन असं कबूल केलं आहे, आणि धास्ती मलाही आहे. तुम्हा सगळ्यांना एवढीच विनंती आहे. त्यांना शुभेच्छा द्यायला वर याल तेव्हा सवयीने डावा हात पुढे करू नका. त्यांचा उजवा हात हातात घ्या आणि घट्ट दाबा. तो दुखत नाही. कधीच दुखत नव्हता.